काका, बोलत चाला

महाडात मी फिजिओथेरपीची पाटी लावली तेव्हा सुरुवातीला आलेल्या बहुतेकांनी एकच प्रश्न विचारला: तेल तुमचं, की आम्ही आणायचं? पाटीवरचा शब्द लांबलचक होता. बाजारपेठेत त्याचा अर्थ पोहोचला तो ‘मालिश करणारी बाई’ एवढाच. मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. माझे वडील पोलादपूरच्या शाळेत शिपाई होते. घंटा द्यायची, फळे पुसायचे, परीक्षेला बाकं लावायची. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं, आणि मुंबईला राहून मी नेमकं काय शिकले ते आईला शेवटपर्यंत समजलं नाही. “हाडं बसवते,” असं ती शेजारणींना अभिमानाने सांगायची.

मी हाडं बसवत नव्हते. दुखण्याने किंवा ऑपरेशनने अडून बसलेल्या माणसाला पुन्हा हलायला लावणं हे माझं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण अडून बसण्याचं कारण दर वेळी सांधा किंवा स्नायू नसतो. पुष्कळदा ते भीती असते, आणि भीतीला शेक देता येत नाही.

नव्वदच्या दशकात मुंबईहून छातीत पेसमेकर बसवून आलेली माणसं आमच्याकडे दिसायला लागली. हृदयाचे ठोके फार मंद झाले तर पेसमेकर त्यांना बारीकसा धक्का देऊन चालू ठेवतो. गळपट्टीच्या हाडाखाली, बहुधा डाव्या बाजूला, कातडीच्या आत एक चपटी डबी असते आणि तिच्यातून वायर हृदयापर्यंत गेलेली असते. ती वायर आत पक्की होईपर्यंत थोडे आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, असं डॉक्टर सांगतात. माणसं त्यातला ‘थोडे आठवडे’ हा भाग विसरतात. एका कापडदुकानदाराच्या आई माझ्याकडे आल्या त्या वर्षभर डावा हात पोटाशी धरून. खांदा पार धरला होता. वेणी सून घालायची, चोळीचे बंद सून बांधायची. डबीने त्यांचा जीव राखला होता आणि भीतीने हात घेतला होता. तो हात सोडवायला अख्खा पावसाळा गेला. गौरीच्या दिवसांत त्या आल्या तेव्हा स्वतःच्या हाताने अंबाडा घालून आल्या होत्या. वाकडा होता आणि त्यात अबोलीचा गजरा होता. सून मागे उभी राहून रडत होती, आणि त्या तिला म्हणत होत्या, “रडतेस काय, तुझी कटकट गेली.”

अशा चार-दोन यशांवर मी बऱ्यापैकी धीट झाले होते. मग उतेकर काका आले.

पांडुरंग उतेकर मुंबईच्या गोदीत क्रेन चालवायचे. कामावरच हार्ट अॅटॅक आला, हृदय कमजोर झालं आणि एक दिवस ते क्रेनच्या पायथ्याशीच कोसळले. मोठ्या इस्पितळात त्यांना वाचवलं आणि नोकरीवर असल्यामुळे गोदीच्या खर्चाने त्यांच्या छातीत एक यंत्र बसवलं. ते पेसमेकरच्या घरातलंच, पण स्वभावाने वेगळं. त्याला आयसीडी म्हणतात. हृदयाचे ठोके जीवघेण्या वेगाने सैरावैरा धावायला लागले की हे यंत्र आतून विजेचा झटका देतं आणि हृदयाला ताळ्यावर आणतं. पेसमेकर म्हणजे बैलाला हळूच हाकणारा गडी असेल, तर हे यंत्र उधळलेल्या बैलाच्या कपाळावर दांडका घालणारं.

काकांना मुंबईत असताना एकदा तो झटका बसला होता. चाळीचा जिना चढताना. “आतनं कोनीतरी घण घातला,” असं ते सांगायचे. त्या दिवसापासून त्यांनी जिना सोडला, मग रस्ता सोडला, मग नोकरीही सोडली आणि गावी येऊन ओटीवरच्या खाटेवर पडून राहिले. त्यांची वाडी कुडपणच्या बाजूला, डोंगरात. नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे कारण कळेलच. मुंबईच्या डॉक्टरांनी तपासून चिठ्ठी दिली: व्यायाम सुरू करावा, जवळच्या फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली. पोलादपूर-महाड पट्ट्यात जवळची म्हणजे मी; चिठ्ठी काकांच्या आधीच माझ्याकडे पोहोचली.

ते आले तेव्हा बायको, सुलाकाकी, सोबत होत्या. खोलीत येताना काका चप्पल काढून आले; काकी काढेनात. मी म्हटलं, राहू द्या, पण कारण विचारलं. तर चप्पल रबरी होती. काकींचा भाऊ वायरमन. विजेच्या माणसाजवळ जाताना पायात रबर पाहिजे, नाहीतर लाकडावर उभं राहायला पाहिजे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. घरी त्या काकांना जेवण वाढायच्या ते पाटावर उभं राहून. चहाचा कप खाली ठेवायच्या आणि मागे सरायच्या. काका हे हसून सांगत होते, पण त्या हसण्यात काही राम नव्हता. नवरा मेला नव्हता, आणि त्याला हात लावायची सोय उरली नव्हती.

मी काकींना समजावलं, की झटका लागलाच तर धरणाऱ्याला फार तर मुंग्या येतात, जास्त काही होत नाही. हे मला स्वतःला आदल्याच दिवशी कळलेलं होतं. कॉलेजात या यंत्राबद्दल एक परिच्छेद वाचला होता, तेवढीच माझी विद्या. एसटीडी बूथवरून मी मुंबईच्या त्या डॉक्टरांना फोन केला होता, आणि बूथचा मीटर चढत राहिला तरी त्या भल्या माणसाने न कंटाळता सगळं सांगितलं होतं. यंत्र ठोक्यांच्या कुठल्या आकड्याला जागं होतं, आणि व्यायामात त्या आकड्याच्या पुष्कळ खाली का राहायचं. सुरुवात हळू करायची, शेवट त्याहून हळू. चालता चालता एकदम थांबायचं नाही, वेग कमी करत करत थांबायचं. झटका एक बसला आणि माणूस ठीक असला तर बसवायचं, शांत ठेवायचं, कळवायचं. लागोपाठ दुसरा बसला तर जिवाशी गाठ. त्यांचं नाव इथे देत नाही, पण माझ्या आयुष्यातल्या ज्या चार-पाच माणसांनी मला शिपायाची मुलगी न समजता डॉक्टरांची सहकारी समजलं, त्यांतले ते एक.

तरीही पहिल्या दिवशी काकांच्या मनगटावर बोटं ठेवली तेव्हा ती थरथरत होती. काका म्हणाले, “बाय, तू माझा ठोका मोजतेस का तुझा?”

मला हसू आलं. त्यांनाही आलं. काकी दारात चपलेवर उभ्याच होत्या.

खुर्चीतून उठणं-बसणं, जागच्या जागी पाय उचलणं, असं करत आम्ही खोलीतून बाहेर पडलो आणि काका-काकी पहिल्या एसटीने आले की सकाळी चवदार तळ्याभोवती चालायला लागलो. माझ्याकडे चालताना ठोके दाखवणारं यंत्र नव्हतं. थांबवून मनगट धरायचं, आणि मधल्या वेळात एक साधी कसोटी: माणसाला बोलतं ठेवायचं. चालताना सलग वाक्य बोलता येतंय तोवर हृदय आवाक्यात आहे. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करायचा. म्हणून मी सारखी म्हणायची, “काका, बोलत चाला.”

काकांना हे औषध मानवलं. गोदीच्या गोष्टींना अंत नव्हता. कुठल्या बोटीवरचा कप्तान कसा होता, कुठला फोरमन कसा हरामखोर होता, साठ फुटांवरच्या केबिनमधून माणसं कशी मुंगीएवढी दिसतात. तळ्याच्या कडेला सकाळी फिरायला येणारे रिटायर्ड मास्तर मुद्दाम आमच्या मागे रेंगाळायचे. काकी तीन पावलं मागे असायच्या. एकदा पायरी उतरताना मी म्हटलं, काकी, त्यांचा हात धरा. त्यांनी पदर घट्ट केला आणि मान फिरवली.

थंडी सरता सरता काका एका दमात तळ्याला दोन फेऱ्या मारायला लागले, तेव्हा त्यांनी मनातली गोष्ट काढली. शिमग्याला गावदेवीची पालखी निघते. ओढ्यापासून सहाणेपर्यंत, म्हणजे पालखी टेकवायच्या ओट्यापर्यंत, खांदा द्यायचा मान उतेकरांचा. दोन वर्षं पुतण्या देत होता. यंदा स्वतः द्यायचा होता.

मी आधी नाही म्हटलं. पालखीचा दांडा खांद्यावर येतो, डबी खांद्याजवळच. शिवाय आमच्याकडे पालखी नुसती नेत नाहीत, नाचवतात. काका रागावले नाहीत. ते म्हणाले, “मग ह्या फेऱ्या कशासाठी मारल्या? खाटेवर पडून राहायला एवढ्या सकाळी उठायला नाय लागत.” मी पुन्हा एसटीडी बूथ गाठला.

डॉक्टरांनी फोनवर सगळं नीट विचारून घेतलं. मग म्हणाले, उजवा खांदा, सपाट रस्ता, नाचायचं नाही, आणि तुम्ही शेजारी चालणार असाल तर. हे शेवटचं मी सुचवलं नव्हतं. त्या डोंगरात मदतीला काय होतं? माझी दोन बोटं. महाडपर्यंतचा रस्ता म्हणजे सगळी वळणं.

पालखीच्या दुपारी ऊन टिपेला होतं. सहाणेजवळ मी एक जीप उभी करून ठेवली होती. ड्रायव्हरला जागेवरून हलू नको असं बजावून सांगितलं होतं. पुतण्याने बाजू बदलून काकांना उजव्या खांद्यावर दांडा घेऊ दिला. पालखी त्या टप्प्यात नाचवायची नाही, असं गावकऱ्यांनी मान्य केलं होतं. पुढे ढोल आणि सनई. ढोल वाजवणारा गणू हा काकांचा बालमित्र. मी काकांच्या डाव्या हाताला चालत होते. गुलालाने डोळे चुरचुरत होते.

“काका, बोला.”

काका बोलायला लागले. एका बोटीवरून मोठी पेटी उतरवायची होती, कारखान्याचं यंत्र होतं आत. पेटी हुकाला लागून वर गेली आणि समुद्रावरून वारा सुटला. “लोड झुलाय लागला. असा ह्या बाजूला, असा त्या बाजूला. खालची मानसं पळाली. फोरमन बोंबलतोय, ब्रेक मार, ब्रेक मार. आनी मी काय केला म्हायताय...”

पुढे काही आलं नाही. गणूने ढोलाची लय वाढवली होती, मी काकांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि ते राखेसारखं झालं होतं. मी पुतण्याला हाक मारेपर्यंत झटका बसला. काकांचं सगळं अंग एकदम वर उडालं आणि तोंडातून असा एक आवाज निघाला, की तो मी आजही विसरलेले नाही. दांडा पुतण्याने सावरला. काका मागे कोलमडले, पण पडले नाहीत. लोकांनी त्यांना धरलं.

आणि मग जे झालं त्याची माझ्या अभ्यासात, डॉक्टरांच्या सूचनांत, कुठेही नोंद नव्हती. कुणीतरी ओरडलं, देव आला. पालखीच्या खांदेकऱ्याच्या अंगात वारं येतं हे त्या वाडीने पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेलं. अंग उडतं, आरोळी निघते, चेहरा पालटतो. सगळं तसंच होतं. क्षणात काकांच्या कपाळावर मूठभर भंडारा आला. बाया पायावर डोकं ठेवायला लागल्या. एक म्हातारे गावकरी हात जोडून देवाला गाऱ्हाणं घालायला लागले. आणि वारं टिकावं म्हणून गणूने ढोल असा बडवायला घेतला की माझ्याच छातीत तो वाजत होता.

मला एवढंच कळत होतं, की या माणसाला आत्ता शांतता मिळाली नाही तर दुसरा झटका येईल, आणि दुसऱ्यानंतर तिसरा. मी ओरडत होते. कुणाला ऐकू जात नव्हतं. कुणीतरी मला दंडाला धरून आदराने बाजूला केलं. “मॅडम, आता मधी येऊ नका. देव हाय.” पुतण्यासुद्धा हात जोडून उभा होता. काकांचे डोळे मला शोधत होते आणि आमच्या मध्ये माणसांची भिंत होती.

ती भिंत फोडून सुलाकाकी आत शिरल्या. अनवाणी. त्यांनी दोन्ही हात काकांच्या छातीवर ठेवले, थेट डबीच्या जागेवर, आणि गणूकडे वळून म्हणाल्या, “देव बोलनार हाय. ढोल थांबव.”

ढोल थांबला. सनई थांबली. देवाचे शब्द ऐकायला सगळी वाडी चिडीचूप झाली. त्या शांततेत मी काकांजवळ पोहोचले, त्यांना टेकून बसवलं आणि मनगट धरलं. ठोके वेगात होते, पण सरळ होते. लोक देवाच्या बोलण्याची वाट पाहत होते आणि मी दुसऱ्या झटक्याची. काकी हात काढत नव्हत्या. मी आयुष्यात इतकी कधी घाबरले नाही, आणि ती भीती चेहऱ्यावर दिसू न देण्याचं काम मला इतकं जड कधी गेलं नाही. हळूहळू माझ्या बोटांखालचं मनगट ऊबदार व्हायला लागलं. देव काहीच बोलला नाही. काकांनी डोळे मिटून घेतले, आणि देव गेला असं ठरलं.

जीपमध्ये मी काकींना विचारलं, तुम्हाला खरंच वाटलं का देव बोलणार म्हणून? त्या म्हणाल्या, “मला काय म्हाईत? ढोल थांबला ना.”

मुंबईला यंत्र तपासलं. झटका बरोबर होता. हृदय खरोखरच सैरावैरा धावलं होतं. डॉक्टर म्हणाले, हे खाटेवर पडल्या पडल्याही झालं असतं. औषधं बदलून दिली. व्यायाम चालू ठेवा म्हणाले.

माझ्या मते गोष्ट इथे संपायला हवी होती. पण वाडीला ती संपवायची नव्हती. काका परत आले ते देवाचा माणूस होऊन. अंगणात माणसं येऊन बसायला लागली: हरवलेली म्हैस, न ठरणारं लग्न, मुंबईला गेलेल्या पोराची खुशाली. काका त्यांना काहीबाही सांगायचे, पुष्कळदा शहाणपणाचंच. नारळांची रास पडायची. पुढच्या शिमग्याला खांदा काकांनीच द्यायचा आणि देव त्यांच्याच अंगात येणार, हे गावाने धरून ठेवलं. म्हणजे त्या दिवशी ढोल थांबणार नव्हता. देव येईपर्यंत वाजणार होता.

मी काकांना स्पष्ट सांगितलं, की लोकांना खरं सांगा, नाहीतर ते भक्तीने तुमचा जीव घेतील. तळ्याच्या पायरीवर बसून त्यांनी ऐकून घेतलं. काकी आता त्यांच्या शेजारी बसायच्या, खांद्याला खांदा लावून. चपलेचा विषय निघत नव्हता. मग काका म्हणाले, “बाय, क्रेनवरनं उतरलो तवापास्नं कोनी मान वर करून माझ्याकडं बघितलं नव्हतं. आता बघतात. ते सोडू म्हनतेस?”

सोडा, असं सरळ म्हणण्याचं धाडस मला झालं नाही. शिपायाच्या मुलीला मान म्हणजे काय ते समजतं. मी एवढंच म्हटलं, की मी येईन, पण मला फार भीती वाटते. ते म्हणाले, मलापन.

वर्षभर ते चालत राहिले. शिमगा आला. पुन्हा तेच ऊन, जीप, उजवा खांदा. या वेळी काकींनी पहिल्यापासून त्यांचं कोपर धरलं होतं. ओढा ओलांडला तशी वाडी दाटून आली. ज्या वळणावर गेल्या वर्षी देव आला होता तिथे सगळे थांबले, आणि गणू ढोल पोटाशी घेऊन काकांच्या समोर येऊन उभा राहिला. त्याने टिपरू उचललं.

काकांनी डाव्या हाताने शर्टाची वरची दोन बटणं सोडली. मग गणूचा उचललेला हात धरला, टिपरू त्यातून काढून पुतण्याकडे दिलं, आणि तो रिकामा हात आपल्या छातीवर, कातडीखालच्या त्या उंचवट्यावर ठेवला.

“हा बघ. गेल्या साली हा उठला व्हता. देव नाय, डबी हाय, मुंबयच्या डॉक्टरची.” मग बालमित्राला सांगावं तसं हळू म्हणाले, “ह्याला झोपू दे रे.”

गणूचा हात तिथे बराच वेळ राहिला. मागून कुणीतरी कुजबुजलं, कुणी खट्टूही झालं असेल. ते म्हातारे गावकरी काकांकडे बघत राहिले आणि मग पालखीला नमस्कार करून म्हणाले, चला. गणूने टिपरू परत घेतलं आणि संथ ठेका धरला, जेमतेम पाऊल पडेल एवढाच.

त्यानंतर काकांच्या अंगणात माणसं कमी झाली. मला त्याचा सल आहे. त्यांना तो होता की नाही, मी विचारलं नाही. पण त्या दिवशी त्या वळणावरून पालखी हलली तेव्हा मी रिवाजाने म्हटलं, काका, बोला. ते थोडं चालले, आणि समोर बघतच म्हणाले:

“हां, तर फोरमन बोंबलतोय, ब्रेक मार. मी नाय मारला. झुलत्या लोडला ब्रेक मारला का दोर तुटतो. लोड जातो तिकडंच क्रेन न्यायची, हळूहळू, त्याच्या संगती. भ्याव वाटतो, पन न्यायची. मग त्याचं त्याला कळतं, आनी झुलनं थांबतं. तशी ती पेटी मी खाली ठेवली, खालच्या मानसांना आवाजसुद्धा आला नाय.”

सहाण आली. एवढ्या बोलण्यात त्यांचं वाक्य एकदाही तुटलं नव्हतं.